हळू वाजवलेल्या टाळ्या

एखाद्या जागी शांतता हवी आहे असं सांगितलं की आपल्याकडे सगळ्यात आधी ‘शांतता राखा’ अशी पाटी येते. ती लाल अक्षरांत असते आणि ती भिंतीवर लावायला माणूस ड्रिल मशीन घेऊन येतो. माझ्या व्यवसायाबद्दल लिहा असा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा मला पहिल्यांदा ते ड्रिल मशीनच आठवलं.

मी वास्तुविशारद. नेरूळला आमचं छोटं ऑफिस आहे, ते आता मुलगी बघते. उमेदीच्या काळात मीही इतरांसारखे टू बीएचके काढले, सोसायट्यांची प्रवेशद्वारं सजवली, बिल्डरांशी भांडले. नंतर मात्र एकाच कामात गुंतत गेले. बागा, वाचनालयं, दवाखाने अशा सगळ्यांसाठी असलेल्या जागा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसांना सोसतील अशा करायच्या. हे काम सहसा कोणी मागत नाही. मागितलं तर आपण सांगतो ते ऐकत नाही, आणि ऐकलंच तर त्यात आपल्या पदरची भर घालतं. या भरीने माझे अर्धे केस पांढरे केले, उरलेले वयाने झाले.

काम काय ते सांगते. तुम्ही हे वाचताय तेव्हा डोक्यावर पंखा फिरत असेल, फ्रिज घरघरत असेल, शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली असेल. मी म्हणेपर्यंत तुमचं तिकडे लक्षही गेलं नसेल, कारण नको ते बाजूला टाकायची सोय तुमच्या डोक्यात आहे. स्वमग्न माणसांपैकी पुष्कळांना ती सोय नसते. पंखा, फ्रिज, कुकर, ट्यूबलाइटची फडफड, फिनेलचा वास, कॉलरचं लेबल, सगळं एकदम आणि सारख्याच जोराने अंगावर येतं. त्यात पुढे काय होणार ते कळलं नाही की जीव घाबरतो. मग ते माणूस कान दाबून ओरडतं, पळतं, स्वतःला मारून घेतं, आणि बघणारे म्हणतात, काय हे, आईबापांनी वळणच लावलेलं नाही. बरं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला अंधार हवा तर दुसऱ्याला अंधाराची भीती. म्हणून यात ठोकळेबाज उत्तर नसतं, त्या त्या माणसाला विचारावं लागतं. विचारून उत्तर मिळत नसेल तर बघत बसावं लागतं.

लोकांना ठोकळेबाज उत्तरच हवं असतं. एका मॉलने माझ्या सांगण्यावरून ‘शांत तास’ सुरू केला. संगीत बंद, दिवे मंद. मी कौतुकाने बघायला गेले तर दर थोड्या वेळाने लाउडस्पीकरवर घोषणा होत होती की ग्राहकहो, सध्या आपल्याकडे शांत तास चालू आहे. खारघरच्या एका बागेत मी झाडांच्या आड एक निवांत कोपरा केला होता. महिन्याभरात तिथे ज्येष्ठांचा हास्यक्लब भरू लागला. मी तक्रार केली तेव्हा त्यातले एक काका अगदी प्रेमाने म्हणाले, “मॅडम, इथे इतकं शांत असतं ना, हसायला फार बरं वाटतं.” मी घरी आले.

पण मला सांगायची आहे ती स्नेहलची गोष्ट.

खारघरमधल्या एका ट्रस्टच्या दातांच्या हॉस्पिटलात डॉ. रुबीना मुकादम विभागप्रमुख होत्या. मूळच्या मोरा बंदराच्या. घरचा मासळीचा व्यापार, त्यामुळे आवाज खणखणीत आणि बोलणं तडकाफडकी. त्यांनी मला फोन केला आणि ओळखपाळख काही न करता सुरुवात केली. “मॅडम, तुमी ते ऑटिझमवाल्या जागा करता ना? मला एक पेशंट आत आणायचीय. बाकी ट्रीटमेंट मी बघते. ती फक्त खुर्चीपर्यंत पोचली पाहिजे.”

स्नेहल एकोणीस वर्षांची होती. वडील हणमंतराव साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आई सुरेखाताई घर आणि मुलगी सांभाळत. राहायला कोपरखैरणे. स्नेहल बोलत नसे. गेले काही महिने ती स्वतःच्या डाव्या गालावर थापडा मारायची, डोकं भिंतीवर आपटायची, रात्र रात्र येरझारा घालायची. शेजारच्यांनी वेड वाढलंय म्हणून सांगितलं. एका डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या, त्याने ती दिवसभर पेंगायची आणि जाग आली की पुन्हा थापडा. ती एकाच बाजूने खाते, गार पाणी तोंडात घेत नाही, एवढं ऐकून डॉ. मुकादमांना दाढेचा संशय आला. पण तोंड बघायला मिळेल तर ना. तीनदा आणली आणि तिन्ही वेळा ती दारातूनच पळाली. तिसऱ्या वेळी वॉचमनने धरायचा प्रयत्न केला, तेव्हापासून खाकी रंग दिसला तरी ती किंचाळायची.

“भूल देता येते ना?” मी विचारलं.

“येते की. पन भूल द्यायला तरी माणूस आत यायला पायजे ना, मॅडम?”

मी हॉस्पिटल बघायला गेले आणि दारातच मलाही परत फिरावंसं वाटलं. आरशासारखी चकचकीत फरशी, तिच्यात वरचे सगळे दिवे दुसऱ्यांदा दिसत. बातम्यांचा टीव्ही आणि त्यातली भांडणं. टोकन पुकारणारी यंत्रातली बाई, प्रत्येक नंबराआधी टिंगटाँग. भिंतीवर आपोआप फुस्स करून फवारणारं सुगंधी यंत्र. स्टीलच्या खुर्च्या, सरकल्या की दात आंबावेत. दातांच्या दवाखान्यात हे एक बरं, तपासणी दारातच सुरू होते.

ट्रस्टचे अध्यक्ष होते भाऊ. तिथल्या जुन्या गावातले, ज्यांच्या शेतांवर हे खारघर उभं राहिलं त्यांच्यापैकी. मनाने मोठा माणूस, अडल्यानडल्याला धावून जाणारा. फक्त कुठलीही गोष्ट गुपचूप झाली तर ती झालीच नाही असं त्यांना वाटे. मी टीव्ही काढा म्हटलं.

“मॅडम, टीवी नाय तर लोक करतील काय?”

“बसतील.”

“नुसती?”

त्यांना खरोखर काळजी वाटली. शेवटी टीव्ही दुसऱ्या मजल्यावर गेला, पण त्यासाठी मला तीन बैठकांत तेच तेच बोलावं लागलं. मी मॅट फरशी सांगितली, आली पुन्हा चकचकीत, कारण दुकानदार म्हणाला की हॉस्पिटलला हीच शोभते. ती परत पाठवली. छताला आवाज पिणाऱ्या भोकाभोकांच्या पाट्या बसवल्या, तर पेंटरला भोकं बरी दिसेनात म्हणून त्याने ती पुट्टीने बुजवली. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या करून आणल्या, त्या सफाईवाल्यांनी काढून एका पिशवीत जपून ठेवल्या, हरवू नयेत म्हणून. आतल्या बाजूला एक लहान खोली मी मुद्दाम कोरी ठेवली होती. फिकट भिंती, एक गादी, मंद दिवा, घाबरलेल्या माणसाने जरा टेकावं एवढंच. चार दिवस गावाला जाऊन आले तर भाऊंच्या पुतण्याने प्रेमाने तिथे जंगल रंगवून घेतलं होतं. माकडं, पोपट, आणि मधोमध जबडा वासलेला वाघ. मी तिथेच गादीवर बसून राहिले.

“मॅडम, कसा झालाय?” पुतण्याने विचारलं.

“वाघाचे दात छान आहेत,” मी म्हटलं आणि भिंत पुन्हा रंगवायला सांगितली.

हे सगळं आठवताना आज हसू येतं, तेव्हा अजिबात येत नव्हतं. कारण दर आठवड्याला सुरेखाताईंचा फोन यायचा. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. “मॅडम, झालं का वो? काल रातभर मारून घ्येत व्हती.” आणि मी इकडे पुट्टी खरवडून घेत असायची.

एकदाचं ते काम उरकलं. मग आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केली. रस्त्यावरून दार, दारातून रिकामा हॉल, वळण, मग खुर्ची, मग डॉ. मुकादम मास्कशिवाय आणि मास्कसकट, असे क्रमाने फोटो काढले. ते सुरेखाताई रोज संध्याकाळी स्नेहलला दाखवायच्या. पुढे काय येणार हे आधी माहीत झालं की भीती अर्धी होते. अट एकच, फोटोत जे आहे तेच तिथे असलं पाहिजे. एखादी बादली जास्त नको की एक माणूस जास्त नको. स्नेहल पहिल्यांदा फोटो ढकलायची, मग बघू लागली, मग डॉक्टरांच्या फोटोवर बोट ठेवू लागली. सुरेखाताईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी माझ्या ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

दिवस ठरला. भाऊंना मी आधीच बजावलं होतं. उद्घाटन नाही, फीत नाही, बँड नाही, माइक नाही. त्यांनी सगळं मान्य केलं. मला वाटलं, सुधारला माणूस.

सकाळी स्नेहल आईबापांबरोबर रिक्षातून उतरली. दारापर्यंत आली. फोटोतलं दार, तेच दार. तिने आपणहून ते ढकललं.

आत दोन्ही बाजूंनी ओळी करून सगळा स्टाफ उभा होता. इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर हसू. समोर पाच सवाष्णी ओवाळणीचं ताट घेऊन, निरांजन लावलेलं. एका ट्रेमध्ये शाल, नारळ, गुलाबाचा हार. भाऊ पांढऱ्या कपड्यांत हात जोडून. आपल्या नव्या जागेची पहिली पाहुणी येतेय, तिला तशीच कोरडी कशी आत घ्यायची? आपल्याकडे सत्काराशिवाय कोणाचं स्वागत झालंय का? आणि स्नेहल आत शिरताच त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी ताकीद दिलेली असल्यामुळे अगदी हळू वाजवल्या. दोन बोटांनी, आवाज न करता. कोणीतरी गुलाबपाणी शिंपडलं, ते तिच्या तोंडावर उडालं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. ती वळली आणि रस्त्यावर पळाली, वाहनांमधून, थेट मेट्रोच्या खांबापर्यंत, आणि तिथे खाली बसून डाव्या गालावर थापडा मारत राहिली. हणमंतराव मागून धावले. सुरेखाताई एका हाताने रिक्षा थांबवत आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या. त्या संध्याकाळी स्नेहलने फोटो फाडून टाकले.

मी भाऊंना काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. स्टाफसमोर बोलले, सवाष्णींसमोर बोलले. निरांजन तेवढं जळत होतं. भाऊ ऐकत राहिले आणि शेवटी एवढंसं तोंड करून म्हणाले, “मॅडम, आमी तर आवाजपन नाय केला.” खरंच नव्हता केला. त्यामुळे तर माझा आणखी जळफळाट झाला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. या माणसाने तिला आपल्या लेकीचा मान दिला होता, आणि त्या मानापायी ती दाढ घेऊन परत गेली होती.

पुढचं दार आता बाद झालं. ते दार म्हणजे काय हे स्नेहलला कळून चुकलं होतं, तिथे मी काहीही केलं असतं तरी ती पुन्हा आली नसती. नकाशे काढून बसले. शेवटी एकच उपाय दिसला. कोरी खोली गल्लीच्या बाजूला होती, तिची बाहेरची भिंत फोडून दुसरं दार करायचं. पुन्हा धूळ, पुन्हा परवानग्या, पुन्हा भाऊ. मी कंबर कसून त्यांच्याकडे गेले. त्यांनी नकाशा उलगडूनही पाहिला नाही. “फोडा,” म्हणाले. जरा वेळाने विचारलं, “दाराला रंग कंचा द्यायचा?” मी राखाडी म्हटलं. त्यांना राखाडी आवडत नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनी नकाशाच्या पाठीवर तसं लिहून घेतलं.

दरम्यान डॉ. मुकादम आपल्या सुटीच्या दिवशी कोपरखैरण्याला जाऊन हणमंतरावांच्या घरी जिन्यात बसू लागल्या. काही करायच्या नाहीत. दात बघायचा छोटा आरसा हातात घेऊन बसायच्या, त्यात स्वतःचेच दात बघायच्या. “मॅडम, माझ्या मुलांना पन मी एवढा टाइम दिला नाय,” त्या मला म्हणाल्या. एक दिवस स्नेहलने आरसा त्यांच्या हातातून काढून घेतला. तेव्हा आम्ही नवे फोटो काढले. गल्ली, राखाडी दार, गादी, खुर्ची, डॉक्टर.

ठरल्या दिवशी भाऊंनी फोन केला. “मी येऊ का?”

“नको.”

“लांब उभा राहीन.”

“फोटोत तुम्ही नाही, भाऊ. मीसुद्धा नाही. मीही जाणार नाहीये.”

त्यामुळे झालं असं की ज्यांचं एकमेकांशी नीट बोलणं नव्हतं असे आम्ही दोघं पलीकडच्या रस्त्यावर भाऊंच्या गाडीत बसून राहिलो. आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलेला हा माणूस काच वर करून मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या शेजारी बसून बरंही वाटत होतं. त्यांनी मला डब्यातला पेढा दिला. तोही त्यांनी कार्यक्रमासाठीच आणला असणार, पण मी खाल्ला.

बऱ्याच वेळाने हणमंतराव गल्लीतून आले. गाडीपाशी उभे राहिले. भाऊंनी काच खाली केली. पाठीवर पोती वाहून खांदे रुंद झालेला गडी, उपरणं तोंडाला लावून उभा.

“काय झालं? पळाली?” मी विचारलं.

“न्हाई. निघाली दाढ. भूल देऊन काढली. बसली वो ती, खुर्चीत बसली.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “डाक्टर म्हनल्या, आतून समदी सडलेली. लई म्हयन्यांपास्नं. मॅडम, म्हंजी ती आमास्नी सांगत व्हती. हितं दुखतंय, हितं दुखतंय. आन आमी तिचं हात धरून ठिवायचो. म्या सोता धरायचो, दोनी हात. जोर लई हाय माझ्यात.”

भाऊंना कुठल्याही प्रसंगी दोन शब्द बोलायची सवय. ते गाडीतून उतरले आणि हणमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी आतच बसले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती. पुट्टीची, फरशीची, वाघाची, शालीची. त्या सगळ्या काळात ती दाढ ठणकत होती आणि आम्ही बैठका घेत होतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं दिसलं असतं. पण मी सार्वजनिक जागांचं काम करते. वर्षभरात डॉ. मुकादमांना ट्रस्टच्याच कॉलेजात शिकवायला नेमलं, नवा व्यवस्थापक आला, आणि त्याने सुरक्षेच्या कारणास्तव गल्लीतल्या दाराला कुलूप घातलं. त्याचं म्हणणं, इमारतीला एकच प्रवेशद्वार असावं, शिवाय त्या दाराने कोणी येत तर नाही. हे मला कोणी कळवलं नाही. मला कळलं ते सुरेखाताईंच्या फोनवरून.

“मॅडम, आमी त्या दाराशी हाय. कुलूप हाय हितं.”

“तुम्ही तिला कशाला घेऊन आलात? आधी मला सांगायचं नाही का?” मी ओरडलेच. माझ्या डोळ्यांसमोर मेट्रोचा खांब आला.

“आमी न्हाई आनली वो. तिनं आनलं आमास्नी. सकाळी माझा हात धरला आन सोताच्या गालावर ठिवला. उजव्या. मग ह्यांच्या चपला आनून ह्यांच्या फुड्यात ठिवल्या.”

मी नेरूळहून निघाले आणि वाटेत भाऊंना, व्यवस्थापकाला, डॉक्टरांना, सगळ्यांना फोन केले. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. व्यवस्थापक म्हणाला, पुढच्या दाराने या ना, त्यात काय एवढं. मी त्याला काय म्हणाले तेही छापण्यासारखं नाही.

पोचले तेव्हा भर उन्हात स्नेहल त्या राखाडी दारासमोर उभी होती. गालावर थापडा नाहीत, ओरडणं नाही. उजव्या गालावर नुसता हात ठेवून कुलपाकडे बघत उभी. हणमंतराव तिच्यावर उपरण्याची सावली धरून होते, तिचे हात त्यांनी धरले नव्हते. शेवटी भाऊच कुठूनसे माणूस घेऊन आले आणि स्वतः लांब कोपऱ्यावर थांबले. त्या माणसाला त्यांनी घण वापरू दिला नाही, करवतीने हळूहळू कापायला लावलं. तोपर्यंत डॉ. मुकादम कॉलेजातून धावत आल्या, आणि दार उघडल्यावर त्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

मी गल्लीतच थांबले, फोटोत नव्हते म्हणून. थोड्या वेळाने सुरेखाताई बाहेर आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “मॅडम,” त्या म्हणाल्या, “खुर्चीत बसली आन कुनी म्हनायच्या आदी सोताहून आ केला तिनं.”